एकाचा आणि दोनाचा फरक



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने बोनस, महागाईभत्ता आणि संप यांवर बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आजचा विषय मात्र ‘अल्कली धातू आणि अल्कधर्मी मृदा धातू’ असा जाहीर झाला आहे. हा विषय प्राध्यापकांचा, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. मी प्राध्यापक नाही. माझी शाळा सातवीला सुटली. रसायनशास्त्र मी शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर, आणि चुना, सोडा, कॉस्टिक हे पदार्थ रोज हाताळणाऱ्या माणसांच्या संगतीत. काय होते ते कामगार सांगत. का होते ते पुस्तक सांगे. या दोघांची गाठ क्वचितच पडते. ती आज तासाभरापुरती घालून द्यावी, एवढाच माझा हेतू आहे.

प्रथम या धातूंची ओळख करून घेऊ. शाळेच्या भिंतीवर मूलद्रव्यांची आवर्त सारणी टांगलेली असते. तिच्या डाव्या हाताचे पहिले दोन उभे रकाने म्हणजे आपला आजचा विषय. पहिल्या रकान्यात लिथियम, सोडियम, पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम आणि फ्रान्सियम. हे अल्कली धातू. त्यांच्या डोक्यावर हायड्रोजन बसवलेला असतो, पण तो वायू आहे. या कुटुंबातला नव्हे. दुसऱ्या रकान्यात बेरिलियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि रेडियम. हे अल्कधर्मी मृदा धातू.

नावे परकी वाटली तरी वस्तू आपल्या घरातल्याच आहेत. मीठ, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि पापडखार ही सगळी सोडियमची लेकरे. खताच्या पोत्यावर ‘नत्र, स्फुरद, पालाश’ लिहिलेले असते, त्यातले पालाश म्हणजे पोटॅशियम. चुलीत पऱ्हाटी जाळल्यावर जी राख उरते, तिच्यातही ते असते. राखेवरूनच या घराण्याला नाव पडले. अरबी भाषेत खाऱ्या झुडपांच्या राखेला ‘अल्-कली’ म्हणत. पानाला लावायचा चुना, भिंतीचे सिमेंट, आपली हाडे आणि दात हे कॅल्शियमचे. आणि ‘मृदा’ म्हणजे माती हा शब्द अशासाठी आला की, चुन्यासारखे पदार्थ भट्टीत वितळत नाहीत व पाण्यात फारसे विरघळत नाहीत. म्हणून जुन्या रसायनज्ञांनी त्यांना माती म्हटले.

हे पदार्थ हजारो वर्षे माणसाच्या वापरात होते, पण त्यांच्या पोटात धातू आहे हे कोणाला दिसले नव्हते. ते दाखवले हम्फ्री डेव्ही या इंग्रज तरुणाने. लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा, एका शल्यवैद्याच्या हाताखाली उमेदवारी करून वर आलेला. १८०७ साली त्याने किंचित ओलसर केलेल्या कॉस्टिक पोटॅशमधून विजेचा प्रवाह सोडला आणि पाऱ्यासारखे चकचकीत थेंब बाहेर पडून पेट घेऊ लागले. तो पोटॅशियम धातू होता. थोड्याच दिवसांत त्याने सोडियम वेगळे केले, आणि पुढल्या वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम व बेरियम.

मग जर्मनीत डोबेरायनर नावाचा माणूस निघाला. हा एका गाडीवानाचा मुलगा. औषधविक्रेत्याच्या दुकानात राबता राबता शिकला आणि पुढे येना येथे प्राध्यापक झाला. त्याच्या ध्यानात आले की काही मूलद्रव्ये तिघातिघांच्या जोटात बसतात. लिथियमचा अणुभार ७, पोटॅशियमचा ३९. दोहोंची बेरीज ४६ आणि तिचा निम्मा २३. तो नेमका मधल्या सोडियमचा अणुभार! कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम या तिघांतही जवळजवळ हाच हिशेब जमतो. १८२९ साली त्याने हे प्रसिद्ध केले. त्यानंतर ४० वर्षांनी, १८६९ साली, रशियातील मेंडेलेयेव्हने त्या वेळी ठाऊक असलेली ६३ मूलद्रव्ये एका कोष्टकात मांडली. कुणाला कोणत्या रकान्यात बसवायचे, हे त्याने अणुभाराच्या क्रमावरून आणि त्या द्रव्याच्या वागणुकीवरून ठरवले. ‘घराणे’ हा शब्द मी सोयीसाठी वापरतो. पण रसायनातले घराणे वागणुकीवरून ओळखले जाते, एवढे आपल्या समाजात मुद्दाम सांगावेसे वाटते.

ही वागणूक सारखी का, याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. अणूच्या मध्यभागी केंद्रक असते आणि त्याभोवती इलेक्ट्रॉन कवचाकवचांनी असतात. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन. पहिल्या कवचात दोन, दुसऱ्यात आठ आणि शेवटच्या कवचात एकटा एक. पोटॅशियमचे १९, पण शेवटी पुन्हा एकच. पहिल्या रकान्यातल्या प्रत्येकाच्या अंगणात असा एकटा इलेक्ट्रॉन असतो. दुसऱ्या रकान्यात तो दोन असतो: मॅग्नेशियमचे दोन, आठ, दोन, कॅल्शियमचे दोन, आठ, आठ, दोन. बाहेरचा हा एक किंवा दोन इलेक्ट्रॉन दुसऱ्याला देऊन टाकला की आतले कवच पूर्ण भरलेले राहते आणि अणू स्वस्थ होतो. म्हणून हे धातू निसर्गात एकटे कधीच सापडत नाहीत. सोडियमचा तुकडा रॉकेलात बुडवून ठेवावा लागतो. पाण्यात टाकला तर तो सैरावैरा धावतो आणि पेटतो. रकान्यात जसजसे खाली जावे तसतसा बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर, आणि म्हणून अधिक सुटा होतो. पोटॅशियम सोडियमपेक्षा उतावळे, सीझियम त्याहूनही.

श्रोतेहो, एक इलेक्ट्रॉन दिला की अणूवर एक धन भार उरतो, दोन दिले की दोन. माझे सगळे व्याख्यान या एका आणि दोन आकड्यांत सामावलेले आहे. पुस्तकात हा फरक एका ओळीत संपतो. जमिनीत, बॉयलरमध्ये आणि माणसाच्या हाडात तो किती लांब जातो, ते आता पाहू.

आपल्या पायाखालच्या जमिनीपासून सुरुवात करू. पैनगंगेच्या काठची आपली काळी जमीन ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणातून झालेली आहे. त्या पाषाणात सोडियमही आहे आणि कॅल्शियमही. पावसाने खडक झिजतो, दोघेही पाण्यात उतरतात. पुढे हवेतल्या कर्बवायूशी संयोग झाला की कॅल्शियमचा कार्बोनेट होतो. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून खाली बसतो. नांगरताना फाळाला लागणारे चुनखडीचे पांढरे खडे ते हेच. सोडियमचा कार्बोनेट मात्र सहज विरघळतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. पाण्याला वाट असेल तर तो नदीने समुद्राला मिळतो. वाट नसेल तर?

वाट नसेल तर काय होते, ते बुलढाणा जिल्ह्यातील लोणारला जाऊन पाहावे. उल्कापाताने झालेल्या त्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. काठावरून आत पाणी येते. बाहेर पडण्यास मार्ग नाही. उन्हाने पाणी उडते, कॅल्शियम तळाशी बसते आणि सोडियम साचत राहते. म्हणून ते सरोवर खारे आणि तीव्र अल्कधर्मी. उन्हाळ्यात पाणी हटले की काठावर क्षाराचा थर धरत असे, आणि पूर्वी तो गोळा करून विकला जाई. खडक आपलाच, पण पाण्याची वाट बंद झाली म्हणून निराळी दुनिया उभी राहिली.

याहून मोठे आणि दुःखाचे उदाहरण पूर्णेच्या खोऱ्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आपण ऐकून आहात. तिथे विहिरीला पाणी लागते, पण ते पिण्याच्या कामाचे नाही आणि ओलिताच्याही नाही. जमीन तर काळीच दिसते. मग बिघडते कुठे?

काळ्या मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण भार असतो. म्हणून ते धन भाराचे अणू स्वतःभोवती धरून ठेवतात. कॅल्शियमवर दोन भार. तो कणांना जवळ ओढून एकत्र धरतो. त्यांची भुसभुशीत ढेकळे होतात, मधून हवा खेळते, पाणी मुरते, मूळ खाली जाते. सोडियमवर एकच भार, आणि तोही स्वतःभोवती पाण्याचे वेष्टन गुंडाळून बसतो. त्याची पकड सैल. कण फुगतात, सुटतात, आणि मोकळ्या भोकांत जाऊन बसतात. पाऊस पडला की वर चिखल आणि पाणी तुंबलेले. ऊन पडले की दगडासारखा पापुद्रा. शेतकरी तोच, बियाणे तेच, घाम तोच. मातीच्या कणाला धरणारा हात एका भाराचा की दोन भारांचा, एवढाच फरक, आणि पीक त्यावर अडते.

उपाय याच फरकातून निघाला. शेतात जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचा सल्फेट, घालतात. कॅल्शियम मातीच्या कणावरून सोडियमला हटवून त्याच्या जागी बसते. सुटलेले सोडियम पाण्याबरोबर वाहून जाते. अर्थात, त्यासाठी चर काढून पाण्याला वाट द्यावी लागते, नाहीतर ते जिथल्या तिथेच राहील. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या जमिनींवर जिप्समचे प्रयोग केले आहेत. यावर एखादा शेतकरी विचारतो, “जमिनीत चुनखडी भरली आहे, मग कॅल्शियम विकत कशाला घ्यायचे?” प्रश्न रास्त आहे आणि त्याला उत्तर मिळाले पाहिजे. चुनखडीतले कॅल्शियम कुलूप लावलेल्या पेटीतल्या पैशासारखे आहे. ती पाण्यात उतरत नाही. जिप्सम लिटरमागे दोन ग्रॅमच्या वर विरघळते. जे विरघळते तेच कामाला येते.

या मातीशी आपला इतिहासही जोडलेला आहे. १९३० साली देशभर मिठाचा कायदा मोडला जात होता. वऱ्हाडला समुद्र नाही. पण अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे खारपाणाच्या विहिरीचे पाणी आटवून लोकांनी मीठ केले. ज्या पाण्याने शेतकऱ्याला रडवले, त्याच पाण्याने साम्राज्याला आव्हान दिले! आपल्या यवतमाळ जिल्ह्यात असे खारे पाणी हाताशी नव्हते. म्हणून लोकनायक बापूजी अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसद येथे राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. समुद्र नाही म्हणून कोणी स्वस्थ बसले नाही. भूमीने जे हाती दिले, त्याचेच शस्त्र केले.

आता शेतातून कारखान्यात चला. आपल्या विहिरींचे पाणी जड आहे, असे आपण म्हणतो. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेले असते. साबण हे सोडियमचे लवण. जड पाण्यात कॅल्शियम त्या सोडियमला बाजूला सारते आणि फेसाऐवजी चिकट साका होतो. हेच पाणी बॉयलरमध्ये गेले तर नळ्यांच्या आतून दगडासारखी खपली धरते. खपलीतून उष्णता नीट जात नाही, नळी लाल होते आणि फुटते. समोर उभ्या असलेल्या फायरमनला हे रसायन कुणी सांगितले नसले तरी त्याचा परिणाम तो अंगावर घेतो. म्हणून बॉयलरला पाणी देण्यापूर्वी ते विशिष्ट दाण्यांच्या थरातून नेतात. दाण्यांवर सोडियम असते. पाण्यातले कॅल्शियम दाण्यांवर बसते, सोडियम पाण्यात येते, आणि खपली टळते. दाणे कॅल्शियमने भरले की त्यांवर मिठाचे दाट पाणी सोडतात. सोडियमची संख्या इतकी वाढते की, एकेकट्याची पकड सैल असूनही तो कॅल्शियमला हुसकावून लावतो.

येथे थोडे थांबा. शेतात कॅल्शियमने सोडियमला हटवले. बॉयलरघरात सोडियमने कॅल्शियमला. नियम एकच, दिशा दोन. दोन भारांचा गडी बळकट खरा, पण एका भाराचे पुष्कळ एकत्र आले तर त्यालाही जागा सोडावी लागते. मी संघटनेचा माणूस, त्यामुळे हे वाक्य मला फार आवडते, हे लपवत नाही. परंतु निसर्गाचा दाखला देऊन संघटना उभी राहत नसते; ती माणसे गोळा करूनच उभी राहते. म्हणून ही तुलना येथेच सोडतो.

चुन्याकडे वळतो. साखर कारखाना आपल्या मुलखाला नवा नाही; पोफाळीचे नाव सर्वांना ठाऊक आहे. उसाच्या रसातला गाळ काढण्यासाठी चुना लागतो. चुन्याने रसाची आंबट बाजू मारली जाते आणि कॅल्शियमचा फॉस्फेट तयार होऊन मळ घेऊन खाली बसतो. तो चुना भट्टीतून येतो. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ५६ किलो कळीचा चुना हाती लागतो. उरलेले ४४ किलो कर्बवायू होऊन हवेत जातात. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागेत साचतो. भट्टीच्या तळाशी उतरणाऱ्या माणसाला हे ठाऊक असलेच पाहिजे.

कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो उकळतो. घाम हेही पाणीच आहे आणि डोळ्यातला ओलावाही पाणीच. भट्टीवर काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या तळहातांच्या भेगा मी जन्मभर पाहिल्या आहेत. ॲसिडला सगळे भितात. पण अल्कली अधिक कपटी आहे. पुष्कळशा ॲसिडांनी कातडी जळून वर खपली धरते आणि ती पुढचा शिरकाव काहीसा अडवते. कॉस्टिक सोडा किंवा चुना कातडीतल्या चरबीचा साबण करतो आणि त्यातूनच आत आत उतरत जातो. पहिली काही मिनिटे दुखतही कमी असते. म्हणून माणूस ‘होईल बरे’ म्हणून तसाच काम करत राहतो, आणि तेवढ्यात डोळा जातो.

ही गोष्ट केवळ कामगारांची नाही. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची प्लॅस्टिकची पुडी घराघरांत पडलेली असते. लहान मूल ती दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात जातो. आज येथून जाताना एवढी एक गोष्ट लक्षात ठेवून जा. चुना किंवा कॉस्टिक डोळ्यात गेले तर त्याच क्षणी स्वच्छ पाण्याची धार धरावी, पापण्या उघडून, निदान वीस मिनिटे; आणि मग दवाखाना. लिंबू पिळू नये, तूप घालू नये, गाडीची वाट पाहत बसू नये. अंगावर कोरडा कळीचा चुना पडला असेल तर आधी झटकून टाकावा, मग भरपूर पाणी ओतावे. चुन्याची पुडी मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये.

शेवटी दुसऱ्या रकान्याच्या तळाशी जाऊ. तेथे रेडियम आहे. १८९८ साली क्यूरी पतिपत्नींनी ते शोधले. त्यापुढे अमेरिकेत घड्याळाचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून ते रेडियमच्या रंगाने रंगवू लागले. हे काम तरुण मुली करत. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठात धरून ओला करण्यास त्यांना शिकवले होते. रेडियम कॅल्शियमच्या रकान्यातले. त्याच्याही बाहेरच्या कवचात दोनच इलेक्ट्रॉन. शरीर फसले. त्याने रेडियमला कॅल्शियम समजून हाडांत जागा दिली, आणि तेथे बसून ते किरण सोडत राहिले. मुलींचे जबडे सडले, कित्येक तरुणपणीच गेल्या. न्यू जर्सीतल्या पाच जणींनी दावा लावला आणि १९२८ साली मालकाला तडजोड करून भरपाई द्यावी लागली. कामामुळे जडलेल्या रोगाबद्दल मालक जबाबदार आहे, हे तत्त्व पुढे नेण्यात त्या पाच जणींचा मोठा वाटा आहे.

तीस वर्षांनी हाच रकाना पुन्हा बोलला. हवेत होणाऱ्या अणुबॉम्बच्या चाचण्यांतून किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियम-९० गवतावर, गवतातून दुधात आणि दुधातून लेकरांच्या दातांत पोचू लागले. स्ट्रॉन्शियमही कॅल्शियमचे भावंड. १९५८ पासून अमेरिकेतील सेंट लुइस येथे आयांनी मुलांचे पडलेले दुधाचे दात तपासणीसाठी पाठवले, आणि दातांनी साक्ष दिली. १९६३ साली हवेतील चाचण्यांवर बंदी घालणारा करार झाला. त्यामागे जो लोकमताचा रेटा होता, त्यात या दातांचाही भाग होता. आवर्त सारणी समजलेल्या माणसाला स्ट्रॉन्शियम कुठे जाऊन बसेल हे आधीच सांगता येत होते. ज्ञान होते, ते ज्यांच्या घरात दूध येत होते, त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे. भोपाळची दुर्घटना १९८४ साली झाली. त्यानंतर, १९८७ साली, १९४८ च्या कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला आपल्या कामातील धोक्याची माहिती मागण्याचा हक्क लिहिला गेला. हजारो माणसे गेल्यावर एक कलम आले. पण पोत्यावर, पिंपावर जी माहिती असते ती पुष्कळदा उचलणाऱ्याला वाचता येत नाही अशा भाषेत असते. मराठीत चार ओळी छापणे, भट्टीजवळ वाहत्या पाण्याचा नळ ठेवणे, डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे देणे, यांस किती खर्च येतो? आणि ते मागण्यासाठी काय मागायचे हे आधी ठाऊक असावे लागते.

डेव्ही कारागिराचा मुलगा, डोबेरायनर गाडीवानाचा. फ्रान्सियम १९३९ साली मार्गरित पेरे या बाईने शोधले तेव्हा तिच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. ती प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलेली होती. हे दोन रकाने अशा माणसांनी भरलेले आहेत. म्हणून उमरखेडच्या शाळेतल्या मुलाने सारणी पाठ करताना तिच्याकडे परीक्षेच्या ओझ्याप्रमाणे पाहू नये. त्याच्या बापाच्या शेतातली माती, आईच्या हातातला साबण आणि चुलत्याच्या बॉयलरची खपली त्या दोन रकान्यांत आहेत. ती सारणी त्याने घरी नेऊन मोठ्यांना समजावून सांगावी, अशी माझी इच्छा आहे.